कमरेला रुमाल

शेवटच्या भोजनाची हकिकत चारही शुभवर्तमानांत आहे. भाकर आणि द्राक्षारसाचा विधी मात्र योहान सांगत नाही. तो येशूने शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग सांगतो, आणि त्याआधी एक गोष्ट नोंदवून ठेवतो: आपण देवापासून आलो आणि देवाकडेच जाणार, हे येशूला ठाऊक होतं. मग येशू उठतो, वरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि गंगाळात पाणी ओततो.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. नम्र व्हायचं म्हणजे स्वतःला कमी लेखायचं, असंच आपण ऐकत आलो. योहान तसं म्हणत नाही. आपण कोणाचे आहोत याची ज्याला खात्री आहे, तोच दुसऱ्याच्या धुळीने भरलेल्या पायांशी बसू शकतो. ज्याला ती नाही, त्याला ताठच राहावं लागतं. मग आडनाव, हुद्दा, देवळातला पहिला बाक, जे हाती लागेल त्याचा टेकू घ्यावा लागतो.

आमच्या मराठी मंडळ्यांत बाप्तिस्मा होऊन चार-पाच पिढ्या झालेली घरं आहेत. तरी लग्नाची बोलणी सुरू झाली की कुणीतरी हळूच विचारतं, "पण मूळचे कोण?" ख्रिस्तात नवं झालेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा तरी कशाला? मला तो दरवेळी टोचतो.

अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. घर मोडलं, ताटातूट झाली. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं. मग जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच लढवला आणि कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे सगळं त्यांनी सांगितलं आहे. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे ख्रिस्ती हे नाव लागण्याआधीच त्यांनी माणसं आपली मानली होती. आमच्यापैकी अनेकांचं नेमकं उलट झालं: नाव आधी लागलं, माणसं अजून आपली व्हायची आहेत.

शेवटच्या भोजनाच्या त्या रात्री पेत्र पाय मागे घेतो, ते मी समजू शकतो. दुसऱ्याकडून सेवा करून घ्यायलाही मोठेपण सोडावं लागतं. पण येशूला धरून देणारा यहूदाही तिथेच बसलेला होता. तो काय करणार हे येशूला माहीत होतं, तरी त्याला वगळल्याचं योहान कुठेही सांगत नाही. 2013 साली पोप फ्रान्सिस रोमच्या बालसुधारगृहात गेले आणि त्यांनी तिथल्या बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. काहींना ते रुचलं नाही. पण यहूदाचे पाय धुतले गेल्यावर कोणाला वगळायचं, याचा वाद उरतोच कुठे?

सणाच्या प्रीतिभोजनाला पंगत वाढायला सगळे पुढे सरसावतात. मागच्या अंगणात पातेली घासणाऱ्या बाया मात्र वर्षानुवर्षं त्याच, आणि त्या कोणत्या घरांतल्या हे मंडळीत सगळ्यांना माहीत. येत्या नाताळात त्यांना पहिल्या पंगतीला बसवावं. पाळकांनी, वडिलांनी आणि पहिल्या बाकांवर बसणाऱ्या आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी पातेली घासावीत, आणि त्याचा फोटो कुणी काढू नये.