रॅलेचा लाल मार्च आणि पंधरा पॉइंट्स

मार्चअखेरीस नॉर्थ कॅरोलायनात उतरलात, तर पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती पिवळी धूळ. पाइनच्या झाडांचे परागकण! गाड्या, पायऱ्या, बाकं... सगळं हळद लागल्यासारखं. आणि मग भेटतात रंग विचारणारी माणसं. ‘फिकट निळा की गडद निळा?’ फिकट म्हणजे चॅपेल हिलची युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना, गडद म्हणजे डरहॅमची ड्यूक. रॅलेच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा लाल रंग लोक सोयीस्करपणे विसरतात. तिन्ही शहरं एकमेकांपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. म्हणून या भागाचं नाव ट्रँगल.

2024 च्या मार्चमध्ये मी तिथे, कॅरीला, मामेभावाकडे होते. दादाचं एम.एस. स्टेटचं, त्यामुळे घर कट्टर लाल. आणि ते वर्ष लाल रंगाचंच निघालं.

17 मार्चच्या रविवारी संध्याकाळी कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा ड्रॉ जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खं शहर एकच कागद भरत होतं. ब्रॅकेट! टीम एकूण 68. सुरुवातीचे चार सामने बहुतेक पूल धरतच नाहीत. उरलेल्या 64 टीम्स, 63 सामने. गुरुवारी दुपारी पहिला बॉल उडण्याआधी सगळे विजेते लिहून द्यायचे, अगदी फायनलपर्यंतचे. सगळे बरोबर येतील अशी आशा सोडाच, 2019 मध्ये एका पठ्ठ्याचे पहिले 49 बरोबर आले तर देशभर बातमी झाली होती.

दादाच्या ऑफिसचा पूल म्हणजे आपल्या भिशीचा अमेरिकन चुलतभाऊ. डोई दहा डॉलर, घरच्यांनाही एन्ट्री, एकूण 23 ब्रॅकेट्स. ‘बरोबर सांगितलं की पॉइंट, त्यात काय समजायचं?’ असं मला वाटलं. पण खरी गंमत पॉइंट्सच्या हिशेबातच आहे, बरं का. पहिल्या फेरीत प्रत्येक अचूक विजेत्याला 1, मग 2, 4, 8, 16 आणि फायनलला 32. सामने निम्मे होतात, पॉइंट दुप्पट. म्हणजे पहिल्या फेरीच्या 32 सामन्यांचं जे वजन, तेच एकट्या फायनलचं! चॅम्पियन अचूक लिहिलात तर ती एकच टीम तुम्हाला सहा फेऱ्यांत मिळून 63 पॉइंट देते.

आता ट्रँगलमधल्या लोकांचा प्रॉब्लेम बघा. चॅम्पियनच्या चौकटीत हात आपोआप निळं लिहितो. आमच्या पूलमध्ये नऊ जणांनी कॅरोलायना लिहिलं, पाच जणांनी ड्यूक. कॅरोलायना खरंच जिंकली असती तरी हे नऊ जण एकमेकांना तेच 63 दाखवत बसले असते. आणि हरली तर सगळे एकदम बुडणार. तसंच झालं, अलाबामाकडून 89–87 हार आणि नऊ जणांच्या हाती त्या टीमचे फक्त 3 पॉइंट. निष्ठा फुकट नसते.

दादाने चॅम्पियन लिहिलं स्टेट. मानांकन 11! कॉन्फरन्सच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच मॅचेस जिंकून कशीबशी आत आलेली टीम. ऑफिसात हशा. वहिनीने मात्र पाच मिनिटांत, भाजी फोडणीला टाकता टाकता, जवळपास सगळीकडे वरच्या मानांकनाची टीम लिहिली आणि चॅम्पियन म्हणून कनेक्टिकट. “मागच्या वर्षी जिंकले होते ना? मग झालं.”

आणि स्टेट जिंकतच गेली. 31 मार्चला, ईस्टरच्या संध्याकाळी, त्यांनी ड्यूकला 76–64 असं हरवलं. 1983 नंतर पहिल्यांदा शेवटच्या चारांत! आम्ही गाडी काढून हिल्सबरो स्ट्रीटवर पोचलो, तर बेलटॉवरभोवती पोरांचा लोंढा. दादाचा आवाज बसलेला, डोळे भरलेले. पंधरा वर्षं तो दोन निळ्यांच्या मधे गुपचूप जगत होता हो.

परतताना वहिनीने गाडीतच फोनवर टेबल उघडलं. ज्या टीमने अख्खं शहर रस्त्यावर आणलं, तिचे दादाला किती पॉइंट? 1 + 2 + 4 + 8, म्हणजे 15.

पुढे सेमीफायनलला परड्यूने स्टेटला 63–50 असं थांबवलं. 8 एप्रिलला कनेक्टिकट 75–60 असं चॅम्पियन. वहिनीच्या खात्यात एका ओळीने 63, आणि भिशी तिची.

काही पूल वेगळे असतात. तिथे प्रत्येक विजयाला त्या टीमचं मानांकन जादा मिळतं. तसा नियम असता तर स्टेटच्या चार विजयांचे 44 जास्तीचे, एकूण 59; कनेक्टिकटचे 69. म्हणजे लढत झाली असती. अर्थात त्यात वेगळाच घोळ. चौदाव्या मानांकनाच्या ओकलंडने पहिल्याच फेरीत केंटकीला उडवलं होतं. ते ज्याने लिहिलं त्याला एका सामन्याचे 15. मग लोक नुसते चमत्कारच लिहीत सुटतात. मला विचाराल तर मधला उपाय बरा, बोनस पहिल्या दोन फेऱ्यांनंतर सुरू करावा.

पुढच्या वर्षी दादाने ऑफिसात मानांकन-बोनसचा ठराव मांडला. वहिनीने जिंकलेल्या पैशांतून त्याला लाल हुडी घेऊन दिली होती. मत मात्र विरोधात दिलं.