निघून गेलेल्या माणसाचे सामान

गोरेगावच्या सेमिनरीत धर्मसभेचा कायदा शिकताना विवाहाच्या प्रकरणाने आमचा बराच काळ घेतला होता. विवाह मुळातच अवैध ठरविणारे बारा अडथळे, संमतीतील दोष, न्यायाधिकरणाची कार्यपद्धती हे सारे आम्ही घोकून पाठ केले. परंतु घर सोडून गेलेल्या पत्नीची ट्रंक माजघरात पडून असेल तर तिचे काय करावे, हा प्रश्न त्या जाडजूड ग्रंथात कोठेच नव्हता. तो मला धर्मग्रामात आल्यावर, लोकांच्या ओट्यावर बसून, हातातला चहा निवत असताना भेटला. आणि पुढे वारंवार भेटत राहिला.

हा विषय आपल्या त्रैमासिकाच्या पानांवर काही वाचकांना खटकेल, याची मला जाणीव आहे. विवाहसंस्काराविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण मी दर वर्षी विवाहपूर्व तयारीच्या वर्गात सांगतो, ती येथे पुन्हा सांगत नाही. पण घटस्फोट आपल्या घरांतही होतात. २००१ साली १८६९ च्या घटस्फोट कायद्यात दुरुस्ती होऊन ख्रिस्ती जोडप्यांना परस्परसंमतीने विभक्त होण्याची वाट मिळाली. त्यापूर्वी पत्नीला केवळ छळ सिद्ध करून भागत नसे, त्याच्या जोडीला व्यभिचारही सिद्ध करावा लागे. शिवाय धर्मसभेच्या न्यायाधिकरणाचा निर्णय दिवाणी कायद्यात विवाह संपुष्टात आणीत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे आपल्या माणसाला दोन दारे ठोठवावी लागतात. दोन्हीकडचे कागद हाती येतात, वकिलांची फी चुकती होते, नातेवाइकांच्या बैठका थांबतात आणि मग घरात उरते ते सामान.

मृत्यूच्या बाबतीत आपला समाज शहाणा आहे. जपमाळ हातात गुंफून देह मातीत जातो, महिन्याची मिस्सा झाली की कपडे गरजूंना दिले जातात, चष्मा तसबिरीजवळ राहतो. कोणी काय करावे हे कोणाला विचारावे लागत नाही. पण जे माणूस जिवंत आहे, पलीकडच्याच गावात राहते आहे, कदाचित फेस्ताच्या दिवशी दोन रांगा सोडून बसलेले दिसते, त्याच्या साड्यांचे काय करावे याची रीत आपल्यापाशी नाही. रीत नसली की माणसे दोन टोकांना जातात. काही जण खोलीला कुलूप लावतात. काही जण काडेपेटी शोधतात.

काडेपेटी शोधणारा एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. चाळिशी ओलांडलेला, कष्टाळू, मितभाषी. पत्नी घर सोडून गेली त्याला चार वर्षे झाली होती. न्यायालयाचा हुकूमनामा होऊनही दीड वर्ष उलटले होते. घरात तो, त्याची सत्तरी ओलांडलेली आई आणि अकरा वर्षांची मुलगी. मुलगी शाळेच्या दिवसांत वडिलांकडे आणि सुटीत आईकडे राहत असे. तो म्हणाला, "फादर, येत्या रविवारी तिचे सगळे परसात नेऊन जाळतो. तुम्ही नुसते येऊन उभे राहा."

मी विचारले, "त्यातले तुझे काय आहे?"

त्याला प्रश्न कळला नाही. त्याची समजूत अशी की घर माझे, कपाट माझे, तेव्हा आतले सामानही माझे. ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचे विसावे कलम आपणा ख्रिस्ती लोकांना लागू होते. केवळ विवाह झाला म्हणून एकाला दुसऱ्याच्या मालमत्तेत कोणताही हक्क मिळत नाही, असे ते सांगते. त्याहून जुना, १८७४ चा कायदा तर सांगतो की पत्नीने आपल्या कामातून वा कौशल्यातून मिळविलेला पैसा आणि त्यातून केलेली बचत तिची स्वतःची. दीडशे वर्षांपूर्वीचा हा कायदा आपल्या घरांत अजून पोहोचलेला नाही, याचे मला नवल वाटते. आणि यावरून तंटा उद्भवलाच, तर पतिपत्नींच्या मालमत्तेचे वाद ऐकण्याचा अधिकार १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालयांना दिलेला आहे. परसात पेटविलेल्या आगीचे उत्तर तेथे द्यावे लागू शकते.

रविवारी मी गेलो, पण शंभर पानी वही घेऊन. आम्ही यादी करावयास बसलो.

आधी कागदपत्रे वेगळी काढली. बाप्तिस्म्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, एक जुने पासबुक, दवाखान्याची फाईल. साड्या चार वर्षे थांबू शकतात, गुणपत्रिका थांबू शकत नाही. तिच्यावाचून एखादी नोकरी हातची जाते. ही चार वर्षे ती फाईल कपाटात पडून होती आणि मागण्याची इच्छा तिला झाली नाही, की धैर्य झाले नाही, हे मी विचारले नाही. मग भांडी निघाली. पितळेच्या दोन हंड्या, त्यांवर तिच्या मामाचे नाव आणि विवाहाची तारीख कोरलेली. आपल्या लोकांनी भांड्यांवर नावे घालण्याची ही चाल किती दूरदृष्टीची, असे क्षणभर मनात आले! त्या हंड्यांबद्दल वाद घालण्यास जागाच नव्हती. नंतर लग्नातला पांढरा झगा, खोक्यात घालून वर डांबराच्या गोळ्या टाकलेला. शेवटी पायाने चालवायचे शिवणयंत्र. ते तिने लोकांचे ब्लाऊज शिवून साठविलेल्या पैशांतून घेतले होते. ही माहिती म्हातारीने दिली, मुलाने नव्हे.

अंगठी हा वेगळाच प्रश्न. ती आशीर्वादित असते, म्हणून ती विकणे पाप आहे का, असे मला अनेकांनी, विशेषतः स्त्रियांनी, दबक्या आवाजात विचारले आहे. अंगठी हे चिन्ह आहे. विवाहाचे बंधन सोन्यात राहत नाही. अंगठी मोडल्याने ते तुटत नाही आणि जपून ठेवल्याने सांधतही नाही. पोट भरण्यासाठी वा मुलाच्या फीसाठी कोणी ती विकली तर मी तिला अडविणार नाही. भंगलेल्या मूर्ती आणि जीर्ण तसबिरी मात्र कचऱ्यात टाकू नयेत. त्या जाळाव्यात वा पुराव्यात, अशी आपली जुनी रीत आहे. लोक तेवढेही न करता त्या मुकाट्याने साक्रिस्तीत आणून ठेवतात. आमच्या साक्रिस्तीतील एक फळी अशा निराधार संतांनीच भरलेली आहे, आणि सेंट अँथनी त्यात बहुसंख्य आहेत. हरवलेले शोधून देणारा संत स्वतःच बेवारशी व्हावा, हे जरा गमतीचेच.

यादी अल्बमपाशी येऊन अडली. लग्नाचा अल्बम, मखमली पुठ्ठ्याचा. बापाने मान फिरविली आणि म्हणाला, "नको." वहीच्या दोन प्रती करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, पोचपावतीसह त्यांतली एक आम्ही पोस्टाने तिला पाठविली. सामान नेण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. आठवड्याभरात उत्तर आले. तिने प्रत्येक ओळीपुढे खूण केली होती, अल्बमपुढे लिहिले होते, "नको."

बापाने ते पत्र माझ्यासमोर मोठ्याने वाचले. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती आत आली, टेबलावरचा अल्बम तिने उचलला आणि म्हणाली, "मग हा माझा." कोणाच्या होकारासाठी ती थांबली नाही.

मला त्या वेळी आठवले ते धर्मसभेच्या कायद्याचे ११३७ वे कलम. विवाह पुढे अवैध ठरला तरी, निदान एकाने तो सद्भावनेने केलेला असेल, तर त्यातून जन्मलेले मूल औरसच राहते. न्यायाधिकरणाने विवाह रद्दबातल ठरविताना दोघांना एकमेकांविषयीच्या आणि मुलांविषयीच्या कर्तव्यांची आठवण करून द्यावी, असेही कायद्यात नमूद आहे. आम्ही हे परीक्षेपुरते वाचले होते. ते कलम मखमली पुठ्ठा छातीशी धरून समोर उभे राहील, असे वाटले नव्हते. आईबाप दोघांनी टाकून दिलेल्या त्या चित्रांत मुलीला काय दिसत असेल? ते दोघे एके काळी एकमेकांकडे पाहून हसले होते, याचा तिच्यापाशी दुसरा पुरावा नव्हता.

टेम्पो एका शनिवारी दुपारी आला. ती स्वतः आली नाही, भाऊ आला. गृहस्थाने कामाची सबब सांगून बाहेर राहणे पसंत केले आणि मला ते योग्यच वाटले. प्रत्येक जखमेपुढे माणसाला उभे करण्याचा अट्टहास काही समुपदेशक करतात, तो मला पटत नाही. मी वहीतल्या ओळी वाचीत होतो, भाऊ खुणा करीत होता. म्हातारी ओट्यावर बसून होती. यंत्र उचलायच्या वेळी ती उठली आणि चाकाला हात लावून त्या माणसांना म्हणाली, "जपून. काल रात्रीच तेल घातलंय."

भावाने सही केली. मग म्हातारीने आतून आंब्याच्या लोणच्याची बरणी आणून, जुन्या चादरीत गुंडाळून, दोन हंड्यांच्या मध्ये बसविली. भावाने माझ्याकडे पाहिले. बरणी यादीत नव्हती. मी वही मिटली.