खिडक्या बदलल्या आणि भिंती बोलू लागल्या



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी फोन करून तब्येतीची चौकशीही केली. माझी तब्येत ठणठणीत आहे हो. आजारी पडलं होतं ते आमचं घर!

साताऱ्याचं आमचं घर आतल्या गोटातल्या मंडळींनी पाहिलेलंच आहे. पुढचं घर 1976 सालचं, नऊ इंची विटांच्या भिंतींचं. त्यात खांब वगैरे काही नाहीत, सगळा भार भिंतींवरच. मागची एक खोली 1983 साली वाढवलेली. खिडक्या सगळ्या सागवानी चौकटींच्या. अलीकडे दोन चौकटींना वाळवी लागली, झडपा पावसाळ्यात फुगून बसायच्या, डासांच्या जाळ्या बसेनात. चिरंजीव म्हणाले, "आई, आता अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवून टाकू." कंत्राटदार आला, त्याची दोन पोरं आली, आणि चार दिवसांत सात खिडक्या बदलून झाल्यासुद्धा. घर कसं लख्ख दिसू लागलं. आमचे हे तर सारख्या खिडक्या सरकवून बघत होते.

आठवड्याभरात पहिली भेग दिसली. मग दुसरी. मग मागच्या खोलीत तिसरी.

कंत्राटदाराला फोन केला. तो म्हणाला, "काकू, काही नाही, गिलावा सुकतोय. लांबी भरून रंगाचा हात मारून देतो." तो तसं करायला तयार होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण मी म्हटलं, थांब जरा. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. मुलाचं उत्तर चुकलं की ते का चुकलं हे आधी बघावं लागतं. तिघांची उत्तरं चुकलेली असली तरी तिघांची चूक एकच असेल असं नाही. भेगांचंही तसंच असावं असं मला वाटलं. उगाच रोग रेड्याला आणि औषध पखालीला नको!

माझा एक जुना विद्यार्थी आता बांधकामाचा इंजिनिअर आहे. त्याला बोलावलं. तो आला, पाया पडला, चहा घेतला आणि खिशातून टॉर्च काढून तासभर भिंती बघत बसला. मग म्हणाला, "बाई, तिन्ही भेगा वेगळ्या आहेत." मला मनातून फार बरं वाटलं!

पहिली भेग बैठकीच्या खोलीतली. खिडकीच्या कडेने, धातू आणि गिलावा जिथे भेटतात तिथे चारही बाजूंनी केसासारखी. ती निरुपद्रवी. उन्हाने अॅल्युमिनियम विटेपेक्षा कितीतरी जास्त वाढतं. चार फुटांची पट्टी वीस अंशांनी तापली की साधारण अर्धा मिलिमीटर लांब होते, आणि रात्री पुन्हा आखडते. दोघांच्या मधे सिमेंट भरलं तर ते दर वेळी उकलणारच. तिथे ताणलं जाणारं सिलिकॉन भरायचं.

दुसरी भेग झोपायच्या खोलीतली. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली. भिंतीतला भार वरून खाली येताना खिडकीच्या भोकाला वळसा घालून जातो, म्हणून कोपऱ्यांशी त्याची गर्दी होते. भिंत चिरायची झाली तर तिथूनच चिरते. जुनी चौकट भिंतीत रोवलेल्या लोखंडी पट्ट्यांनी धरलेली असते. त्या उपटताना छिन्नी-हातोडा चालतो आणि कोपरे हादरतात. त्याने तिथला वीतभर गिलावा फोडून पाहिला. आतली वीट शाबूत होती. म्हणजे जखम कातडीची, हाडाची नव्हे.

हाड शाबूत होतं त्याचं कारण मला ठाऊक होतं. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. त्या पहाटे अंगणात कुडकुडत उभं राहिलेलं माझ्या वयाचं या भागातलं कुणीही विसरलेलं नाही. मामंजींनीही ते पाहिलं होतं. म्हणून नऊ वर्षांनी घर बांधताना त्यांनी खिडक्यांच्या डोक्यावरून घरभर फिरणारी सलग काँक्रीटची पट्टी घालून घेतली. खिडकीवरच्या भिंतीचा भार ती पट्टीच पेलते. चौकट काढली काय नि ठेवली काय, तिला फरक पडत नाही.

तिसरी भेग मागच्या खोलीतली, आणि तिथेच सगळा घोर होता.

ती खोली वन्संची. 1983 साली माझ्या नणंदेचे यजमान अचानक गेले आणि ती दोन ट्रंका घेऊन माहेरी आली. मामंजींनी दोन महिन्यांत तिच्यासाठी ही खोली उभी केली. पैसे नव्हते, वेळ नव्हता. लेकीला स्वतःचं दार असावं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. वन्सं आज ब्याऐंशीच्या आहेत, आणि त्यांचा पलंग बरोबर त्या खिडकीखाली.

भेग खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांतून निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्या पायऱ्यांनी वर चढत होती, तंबूच्या आकारात. शिवाय नवी खिडकी सरकेना. इंजिनिअर म्हणाला, "बाई, ही खिडकी वाईट बसवल्यामुळे अडकत नाही. तिच्यावर भिंत बसली आहे." गिलावा फोडला. आत काँक्रीट नव्हतं. नुसत्या उभ्या विटा, आणि त्या इतकी वर्षं लाकडी चौकटीवर टेकलेल्या! चौकट काढली, टेकू कुणी दिला नाही, आणि खाली आली अॅल्युमिनियमची पोकळ पट्टी.

भार किती असावा? चार फुटी खिडकीवर सगळी भिंत बसत नाही. विटा एकमेकींना धरून कमानीसारखा भार बाजूंना नेतात. खाली उतरू पाहतो तो मधला त्रिकोण. तो लहानात लहान धरला तरी नऊ इंची भिंतीत सुमारे दीडशे किलो. म्हणजे सिमेंटची तीन पोती वन्संच्या उशाशी टांगलेली!

त्याने भेगेवर आडव्या काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या आणि बाजूला पेन्सिलीने तारीख घातली. भिंत हलत असेल तर काच तडकते, थांबली असेल तर शाबूत राहते. "पण आजी आजपासून या खोलीत झोपणार नाहीत," तो म्हणाला.

वन्सं ऐकेनात. "माझ्या दादांनी बांधलेली भिंत आहे. ती माझ्या अंगावर पडायची नाही." समजूत घातली, आमचे हे चिडले, चिरंजीव पुण्याहून फोनवर ओरडले. त्यांचं एकच. मला कळत होतं की त्यांची भीती भिंतीची नव्हतीच. दादांचं काम कच्चं होतं असं कुणी म्हणेल, त्याची ती भीती होती.

उपाय त्या पोरालाच सुचला. पेरूच्या झाडाशी उपटलेली चौकट अजून टेकून ठेवलेली होती. तिचं वरचं लाकूड त्याने आणून वन्संसमोर ठेवलं आणि त्यावर दोरी ताणून धरली. लाकूड मधोमध बोटभर खाली वाकलेलं होतं. "आजी, हात लावून बघा. तुमच्या दादांनी या लाकडावर भिंत ठेवली, आणि त्याने ती चाळीस वर्षं धरली. पडलं काहीच नाही. आम्ही ते काढलं, म्हणून आता दुसरं कुणीतरी धरायला हवं."

वन्संनी त्या वाकलेल्या लाकडावरून बराच वेळ हात फिरवला. मग म्हणाल्या, "माझी उशी तेवढी आण." त्या रात्रीपासून त्या माझ्या खोलीत झोपल्या. नवव्या दिवशी काच तडकली.

पुढचं काम शिस्तीत झालं. अंगणात सळया घालून काँक्रीटची तुळई ओतली आणि चौदा दिवस भिजवत ठेवली. भिंतीला आरपार भोकं पाडून त्यांत ओंडके घातले, ओंडक्यांच्या दोन्ही टोकांना टेकू दिले, सैल विटा काढून तुळई चढवली. दोन्ही बाजूंना ती सहा-सहा इंच भिंतीवर टेकते, आणि वरची फट घट्ट मालाने ठासून भरली आहे. टेकू निघाले दहा दिवसांनी. नवी काच लावून आता दीड महिना झाला. ती शाबूत आहे. वन्सं आपल्या खोलीत परत गेल्या आहेत आणि ते लाकूड त्यांनी पलंगाखाली ठेवून घेतलं आहे.

तुमच्यापैकी ज्यांची घरं जुनी आहेत आणि मुलं नव्या खिडक्या बसवू म्हणताहेत, त्यांना एवढंच सांगते. बसवा जरूर. पण चौकटीला हात लावण्याआधी तिच्या डोक्यावरचा वीतभर गिलावा फोडून आत काय आहे ते पाहा. काँक्रीट किंवा दगडाची तुळई दिसली तर निश्चिंत व्हा. नुसत्या विटा दिसल्या तर आधी टेकू, मग छिन्नी. आणि भेग आलीच तर लांबी भरायची घाई करू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, तारीख लिहा, आणि ती काय सांगते ते थोडे दिवस ऐका.