लॅक्टोमीटरची डिग्री

दूध आपण लिटरने विकतो, पण प्रकल्पात टँकर आला की तो आधी वजनकाट्यावर चढतो. लिटर आणि किलो यांना जोडणारा आकडा म्हणजे घनता. गायीच्या दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३०, म्हशीच्या दुधाची त्याहून थोडी जास्त. म्हणजे दहा हजार लिटर दूध काट्यावर जवळपास १०,३०० किलो भरायला हवं.

प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या मुलांकडून मी आधी एककं घोटवून घेतो. मिलिलिटरला १.०३० ग्रॅम, लिटरला १.०३० किलो, घनमीटरला १०३० किलो, तिन्ही एकच. संकलन केंद्रावर मात्र यातलं काही ऐकू येत नाही. तिथे 'तीस डिग्री' म्हणतात. १.०३० मधला एक सोडला आणि उरलेल्याला हजाराने गुणलं की तीस. ही डिग्री तापमानाची नाही, पण तापमान न पाहता ती वाचली तर उत्पादकाचं थेट नुकसान होतं.

लॅक्टोमीटर पाहिलात तर साधी काचेची नळी, बुडाशी वजन भरलेला फुगा. दूध जितकं दाट, तितका तो कमी बुडतो. कॅनमधलं दूध फेस न आणता ढवळायचं, जार काठोकाठ भरायचा, लॅक्टोमीटर हलकेच सोडायचा आणि तो जारच्या कडेला टेकत नाही ना, हे पाहायचं. स्थिरावला की डोळे दुधाच्या पातळीला आणून आकडा वाचायचा. दूध अपारदर्शक असल्यामुळे काचेला चढलेल्या कडेवरचाच आकडा दिसतो, म्हणून वाचनात अर्धी डिग्री मिळवतात.

आता तापमान. आपल्याकडचे बहुतेक लॅक्टोमीटर २७ अंश सेल्सिअसला जुळवलेले असतात. दूध त्याहून गरम असेल तर दर अंशाला सुमारे ०.२ डिग्री मिळवायची, थंड असेल तर वजा करायची. नुकतंच काढलेलं ३५ अंशांचं दूध तीसऐवजी २८.४ दाखवतं. एक डिग्री घटली की हिशेबात एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला घन भाग, पाव टक्क्याने घटतो, म्हणजे ८.५ चं दूध कागदावर ८.१ होतं. गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून जाहीर होतो, तेव्हा ही घट थेट उत्पादकाच्या खिशातून जाते. शिवाय धारोष्ण दुधात वायू अडकलेले असतात आणि स्निग्धांश पुरता गोठलेला नसतो, म्हणून तेव्हाचं वाचन आणखी थोडं कमी येतं.

डिग्री एकटी पुरेशी नाही, याचं दुसरं कारण भेसळ. तीस डिग्रीच्या दुधात दहा टक्के पाणी गेलं की ती सत्तावीसवर येते. हे पकडता येतं. पण दुधातली चरबी पाण्याहून हलकी. मलई काढून घेतली की डिग्री पस्तीसच्या आसपास चढते, आणि मग त्यात पाणी ओतून ती पुन्हा तीसवर आणता येते. लॅक्टोमीटरला यात काहीच वावगं दिसत नाही. फॅट तपासलं तरच हे उघडं पडतं.

दूध घालणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: पावतीवर फॅट आणि एसएनएफ पाहताच, पण डिग्री कोणत्या तापमानाला घेतली आणि ती दुरुस्त केली का, हेही विचारा. एक साधा थर्मामीटर जारशेजारी ठेवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.