पोर्टलँड, पाऊस आणि फुस्स बिअर

पोर्टलँडचा जानेवारी म्हणजे दिवसभर रिपरिप आणि पाचच्या आत अंधार. पण अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं हे शहर सॉलिड बिअरवेडं! जवळच्या विलामेट खोऱ्यात हॉप्स पिकतात. घरी बिअर बनवायचं सामान विकणारं ‘स्टाइनबार्ट’ इथे १९१८ साली सुरू झालं. घरगुती बिअरला तिथल्या केंद्रीय कायद्याने मोकळीक दिली ती १९७८मध्ये. (आपल्याकडे विनापरवाना हा उद्योग केलात तर थेट गुन्हा. सो, नो प्रयोग!)

२०२४च्या जानेवारीत मी डाउनटाउनमधून ‘मॅक्स’ची ब्लू लाइन पकडून हिल्सबरोला मित्राकडे पोहोचलो. चिप कंपन्यांचं गाव, त्यामुळे मराठी कानावर पडतंच. मित्राची नोकरी डिसेंबरात गेली होती. एच-वन-बीवाल्याला त्यानंतर मिळतात जास्तीत जास्त ६० दिवस. त्याचे उरले होते १९.

आणि गॅरेजमध्ये ४८ बाटल्या. निरोपाच्या पार्टीसाठी शेवटची बॅच. पहिलं झाकण उघडलं, तर साधं ‘फुस्स’ही नाही!

‘‘ओतून टाकू सिंकमध्ये,’’ तो म्हणाला. आवाज बिअरबद्दलचा नव्हता.

मी घोट घेतला. सपक, पण किंचित गोड. म्हणजे साखर शिल्लक होती. बाटली भरताना लिटरला साधारण सहा-सात ग्रॅम साखर घालतात. यीस्ट ती खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, बंद बाटलीत तो बिअरमध्येच मुरतो. मग अडलं कुठे? गॅरेजमधला थर्मामीटर पाहिला. नऊ अंश! यीस्ट गारठून झोपलेलं.

‘‘अरे, थंडीत आई इडलीचं पीठ गोधडीत गुंडाळून ठेवायची ना?’’

तो कितीतरी दिवसांनी हसला. आम्ही ४८च्या ४८ बाटल्या हॉलमध्ये आणल्या, तळाचं यीस्ट उठावं म्हणून एकेक हलकेच उलटी-सुलटी केली आणि खोक्यांवर रजई टाकली. हॉल २१ अंशांवर. आता दोन आठवडे थांबायचं, बस्स.

मी आठवड्याने परतलो. चौदाव्या दिवशी फोटो आला: ग्लासवर दोन बोटं फेस. पार्टी धम्माल झाली. नोकरी काही मिळाली नाही, तो दोन बॅगा घेऊन पुण्यात परतला. निघायच्या पाच दिवस आधी एक गोष्ट तरी मनासारखी झाली, म्हणतो.

तिकडच्या होमब्रूवाल्यांसाठी

सपक आणि गोड: २०-२४ अंशांत दोन आठवडे ठेवा. तरीही फेस नाही? प्रत्येक बाटलीत कोरड्या यीस्टचे चार दाणे आणि नवं झाकण.

सपक, पण गोड नाही: साखर कमी पडली किंवा झाकण गळतंय. मोजून साखर, घट्ट झाकण.

उघडताच कारंजं: बाटली फुटूही शकते! हातमोजे, चष्मा घाला, सगळ्या फ्रिजमध्ये टाका. गार झाल्यावर झाकण जरासं सैल करून गॅस सोडा, पुन्हा झाकण लावा.