न दुखणारी जखम

चैत्र शुद्ध त्रयोदशीची शोभायात्रा हिंगणघाटच्या रस्त्यांवरून मंदिराकडे परतली, तेव्हा ऊन माथ्यावर आले होते. अनवाणी चालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी डांबर टाळून सावली गाठली. बाबूजी मात्र शांतपणे चालत राहिले. घरच्यांनी ती श्रद्धा मानली. वस्तुतः अठरा वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या तळपायाची संवेदना नाहीशी केली होती. चार दिवसांनी पेढीच्या गादीवरील पांढऱ्या चादरीवर सूनबाईंना ओलसर डाग दिसला, तेव्हा कुठे जखमेचा पत्ता लागला.

दुखत नाही म्हणजे किरकोळ आहे, असा हिशेब व्यापाऱ्याच्या घरात सहज मांडला जातो. एरवी एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत दिवा न मालवणारी माणसे स्वतःचा तळपाय वर्षानुवर्षे पाहत नाहीत! हळद, मलम आणि ओळखीच्या कंपाउंडरची पट्टी यांत पाच आठवडे गेले. बाबूजींनी पेढी एक दिवसही चुकवली नाही आणि जखम खोल होत गेली.

अखेर वर्ध्याच्या एका शल्यचिकित्सकांकडे नेले. त्यांनी नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. बाबूजींना एकही स्पर्श कळला नाही. डॉपलर तपासणीत पायाचा रक्तप्रवाह पुरेसा आढळला आणि क्ष-किरणांत हाड शाबूत दिसले. हे दैवच म्हणायचे, कारण रक्तवाहिनी बंद असती तर आधी ती मोकळी करावी लागली असती, आणि हाड सडले असते तर बोट किंवा पाऊल गमावण्याचा प्रश्न होता. मृत कातडी व कडा कापून काढल्यावर मुलाने विचारले, “आता मलम कोणते?” डॉक्टर म्हणाले, “मलम दुय्यम आहे. या जखमेवर पाऊल पडता कामा नये.”

पट्टीविषयीही प्रश्न निघाला. जखमेवर मध वापरतात, काही पट्ट्यांत जनावरांपासून मिळवलेले कोलॅजन असते. मुलाने संकोचत दोन्हींना नकार दिला. डॉक्टरांना त्यात काही वावगे वाटले नाही. समुद्री शेवाळापासून केलेल्या अल्जिनेटच्या पट्ट्या मिळतात, त्यांनी त्याच दिल्या. असा प्रश्न आधीच विचारावा. मागाहून घरी कुजबुजण्यात अर्थ नसतो.

खरा उपचार म्हणजे गुडघ्याखालपर्यंतचा, पायाला घट्ट बसणारा प्लास्टरचा साचा. चालताना पडणारा भार त्यामुळे पूर्ण तळव्यावर व पोटरीवर वाटला जातो. मधुमेहींकडे ही पद्धत कुष्ठरुग्णांकडून आली आहे. त्या रोगातही मज्जातंतू बधिर होतात आणि माणूस न दुखणाऱ्या पायावर चालत राहतो. वर्ध्याशेजारी दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवा सुरू केली; सेवाग्रामात गांधीजींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतः केली. पुढे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की या जखमांचे मूळ पुष्कळदा रोगजंतूंत नसून वेदनेच्या अभावात असते. ज्या आजाराला समाजाने वेशीबाहेर ठेवले, त्याच्या अनुभवावर आज गादीवर बसणाऱ्यांचे पाय वाचतात.

साचा दर आठवड्याला बदलला जाई. बाबूजींना तो अपमान वाटे; गिऱ्हाइकांनी विचारपूस केली की ते पाय धोतराखाली झाकत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तो कापून टाकण्याचा हट्ट धरला. सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पहिल्या दिवशीचे आणि त्या दिवशीचे छायाचित्र मोबाईलवर शेजारी-शेजारी दाखवले. जखम निम्मी झाली होती. बाबूजींनी चष्मा लावून दोन्ही चित्रे बराच वेळ तपासली आणि विषय पुन्हा काढला नाही.

नवव्या आठवड्यात जखम भरली. आता मऊ रबरी तळाच्या, चामडे नसलेल्या चपला त्यांच्यासाठी बनवून घेतल्या आहेत. भाद्रपदात उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी ते गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारून आले. मंदिराच्या पायरीशी चपला काढून ते केवळ देवदर्शनासाठी राखलेले धुतलेले सुती मोजे घालतात. रात्री सूनबाई बॅटरी आणि आरसा घेऊन येतात, तेव्हा पाय आपणहून पुढे होतो.