उजेडाचा काटा

माझ्या वेस्टन मास्टर या फोटोग्राफीच्या लाइट मीटरला सेल लागत नाही. पाठीमागच्या सेलेनियमच्या चकतीवर उजेड पडला की तिच्यातच एवढीशी वीज तयार होते आणि काटा हलतो. वेस्टनने पहिला असा मीटर १९३२ साली काढला. माझा साठच्या दशकातला. सेलेनियम आता थकलंय, एक स्टॉप कमीच, म्हणजे उजेड निम्माच दाखवतं. म्हणून फिल्म चारशेची असली तरी तबकडीवर मी आठशे लावतो. म्हाताऱ्या माणसाशी जरा मोठ्यानं बोलावं, तसं.

लोणी भापकरला मल्लिकार्जुन मंदिराजवळ पुष्करणी आहे आणि तिथला यज्ञवराह. काळा दगड, अंगभर ओळीनं कोरलेल्या छोट्या विष्णुमूर्ती. पहिल्या खेपेला मी मीटर सरळ दगडावरच धरला. ५.६ अॅपर्चरला एक साठांश सेकंद. तसंच दाबलं. रोल धुतला तर वराह राख फासल्यासारखा, आणि मागचं जिराईत भागातलं ऊन पांढरंफटक. चूक मीटरची नव्हती. समोर कोळसा असो की चुना, तो त्याला राखाडीच धरतो. पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारा. काळं काळंच राहू द्यायचं, हे आपण सांगायचं असतं.

आता मी दगडाचं माप घेत नाही. दगडावर पडतंय त्याच उन्हात तळहात धरतो आणि त्याचं माप घेतो. तळहात राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ, म्हणून तेवढं अॅपर्चर उघडायचं. परवा काटा अकराला एक सव्वाशेंश म्हणाला, मी आठ लावलं. दगडाच्या मापापेक्षा दोन स्टॉप कमी. कोरीव रेघांच्या कडेला तेवढा प्रकाश, बाकी काळं.

पारावरचे एक आजोबा केव्हाचे बघत होते.

"प्रेशर बघताय का स्वतःचं?"

"नाही आबा, उजेड मोजतोय."

"मोजून काय करायचाय? हितं ऊन सोडून दुसरं हाय काय!"

काटा बघायला ते वाकले. त्यांच्या फेट्याची सावली माझ्या तळहातावर आली आणि काटा झपकन खाली.

"आरं, पडला की!"

मागं सरले, काटा वर. पुन्हा वाकले, पुन्हा खाली. चार-पाच वेळा तरी केलं असेल. तोवर पुष्करणीच्या पायऱ्यांवर सावली उतरली होती, आणि मला माप नव्यानं घ्यावं लागलं.